आप्पांचा उकिरडा

संपूर्ण जग हे एकच कुटुंब आहे, ही गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पटवून दिली असेल, तर ती धारूरच्या आमच्या घरमालकांनी. इतक्या तळमळीने हे सांगणारा माणूस मला पुढेही भेटला नाही. ते ज्या खोलीत बसून सांगत, तिच्या पाठच्या भिंतीला लागून त्यांचे सख्खे धाकटे भाऊ राहत. त्या भावाशी मात्र त्यांचं बोलणं नव्हतं.

सगळा गाव त्यांना आप्पा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. मी तेव्हा तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खाली रस्त्याच्या अंगाला आप्पांचं भांड्यांचं दुकान, मागे घर. त्याला चिकटून अगदी तसंच दुसरं भांड्यांचं दुकान, मागे तसंच दुसरं घर. वडिलांचं एक दुकान मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलं होतं. वाटणीत भांडण झालं नाही. भांडण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका लग्नपत्रिकेवरून झालं.

चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांमध्ये धाकट्याचं नाव वर आणि आप्पांचं खाली छापलं गेलं. छापखानेवाल्याने चूक कबूल केली, चुलतभावाने हात जोडले, धाकट्याने आपण पत्रिका छापायच्या आधी पाहिलीच नव्हती असं सांगितलं. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याचं नाव वर गेलं त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी भावाचं नाव घेणं सोडलं. उल्लेख करावाच लागला तर ते 'भिंतीपलीकडचे' म्हणत.

हे सोडणं साधंसुधं नव्हतं. दुकानात घेतलेल्या भांड्यावर नाव कोरून देण्याची पद्धत असते. ते काम आप्पा स्वतः करत, आणि त्यांचं अक्षर देखणं होतं. पण धाकट्याचं नाव गावात आणखी चारसहा जणांचं होतं. तसं गिऱ्हाईक आलं की आप्पा बाकीचं नाव कोरत आणि तेवढ्या एका शब्दासाठी यंत्र नोकराच्या हातात देत. "एवढं तू कर बे," म्हणत आणि दुसरीकडे बघत. धारूरच्या आसपास अजूनही काही घागरी असतील, ज्यांच्यावर एक शब्द वाकडा आणि बाकी सगळं वळणदार आहे. त्या घरात राहून मलाही ते नाव घ्यायची सवय उरली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

बायकामुलांना ही भिंत लागू नव्हती. विरजण, कढीपत्ता, शिवणाची सुई ही देवघेव परसातून चालू असे. आप्पांच्या दोन्ही मुली लग्न होऊन सोलापूरकडे गेल्या होत्या. धाकट्यांची मुलगी सुजाता निम्मा दिवस इकडेच असे, आणि आप्पा तिला पहिल्या पेल्यातला चहा देत. तिच्या वडिलांचा विषय निघाला की ती समजून गप्प बसे.

अशा घरात जगाशी जोडणारं यंत्र आलं.

संगणक खरं तर दुकानाचा हिशेब ठेवण्यासाठी लातूरहून आणला होता. हिशेब शेवटपर्यंत पूर्वीसारखाच तोंडी चालला. पण इंटरनेटची जोडणी मिळाली त्या दिवशी आप्पांनी उद्घाटन ठेवलं. जिल्हा परिषदेचे एक सदस्य आले, नारळ फुटला, संगणकाला कुंकू लागलं. सदस्यांनी भाषण केलं. आज आपलं धारूर जगाला जोडलं जात आहे, इथून पुढं जगाला धारूरची दखल घ्यावी लागेल, असा त्याचा मथितार्थ. मग आप्पांनी जोडणीसाठी फोनवरून बीडचा नंबर लावला. तो लागेना. सदस्य गळ्यात हार घेऊन पडद्यासमोर बसून राहिले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. अखेर मोडेमने दळण दळल्यासारखा आवाज केला, आणि एक पत्र आलं.

"कुनाचं हाय?" सदस्यांनी विचारलं.

"कंपनीचं. ज्यांनी जोडनी दिली त्यांचं."

"काय म्हनतेत?"

"स्वागत हाय म्हनतेत."

"मग बरोबर हाय," सदस्य म्हणाले आणि उठले. जगाने धारूरचं स्वागत केल्याची बातमी दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात आली. फोटोत सदस्य होते. संगणक त्यांच्या पाठीमागे झाकला गेला होता.

आप्पांचं टपाल संध्याकाळी दिवे लागले की सुरू होई. हातपाय धुऊन, कपाळाला भस्म लावून ते खुर्चीवर बसत. लांबचा फोन असल्यामुळे जोडणी थोडाच वेळ ठेवायची, पत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेली सगळी पत्रं उतरवून घ्यायची आणि फोन तोडायचा, अशी रीत होती. एवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. बोलण्याने जोडणीला काही होत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"सर, देवळात बोलल्यानं देवाला काय होतंय? तरी आपन गप बसतोच ना?"

फोन तोडला की वाचन. वाचून झालं तरी उत्तर त्या दिवशी नाही. "पत्र मुरलं पायजे," ते म्हणत. "लोनच्यावानी. त्याच दिवशी उत्तर देनारा मानूस एक तर घाबरलेला असतो न्हाईतर रागावलेला." हा नियम ते आलेल्या कुणालाही ऐकवत, आणि मला आजही तो चुकीचा वाटत नाही.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये न्यूजग्रुप नावाची एक सोय होती. नाव बातम्यांचं असलं तरी बातम्यांशी तिचा संबंध नसे. जगभरचे अनोळखी लोक एखाद्या विषयावर एकमेकांना उघडी पत्रं लिहीत आणि बाकीचे ती वाचत. विषय हजारो. आप्पांनी त्यातला एक निवडला, जुनी भांडी. तिथे स्कॉटलंडच्या एका म्हाताऱ्या बाईंचं म्हणणं होतं, की लोखंडी तव्याला साबण लावू नये. ऑस्ट्रेलियाच्या एका गृहस्थाचं म्हणणं होतं, की लावला तर काही बिघडत नाही. या वादाला मी पाहिलं तेव्हा दोनेक महिने झाले होते. आप्पा रोजची प्रगती दुकानात सांगत, आणि सिरसाळ्याच्या बाजाराहून परतणारी माणसंसुद्धा पायरीवर टेकून ऐकत.

"आप्पा, बाईचं काय झालं?"

"आस्ट्रेलियावाला लई टोचून बोलला काल. म्हनला, तुमचा तवा तुमच्या डोक्यावानीच गंजलाय."

"आन बाई?"

"बाई गप हाय."

"गप बसनारी न्हाई ती," एक जण विडी विझवत म्हणाला. "तुमी आज जरा लवकर उतरवून घ्या."

शेवटी आप्पांनी स्वतः त्या वादात पडायचं ठरवलं. त्यांचं इंग्रजी व्यापारी पत्रांवर पोसलेलं होतं. आदरणीय महोदय व महोदया असं संबोधून त्यांनी दोघांच्या कुटुंबीयांची खुशाली विचारली, वडीलधाऱ्या बाईंशी असं बोलणं बरं नव्हे हे ऑस्ट्रेलियाच्या गृहस्थांना सुचवलं, आणि खाली दुकानाचा पत्ता देऊन लग्नाच्या आहेराची भांडी योग्य दरात मिळतील असं नमूद केलं. कॅनडाच्या कोणीतरी त्यांना जाहिरात केल्याबद्दल फार वाईट शब्दांत झापलं. मला वाटलं, आप्पा दुखावतील. पण ते पत्र आप्पा आठवडाभर लोकांना दाखवत होते.

"कॅनडातला मानूस आपल्याला शिव्या देतोय सर. वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी देतोय. ह्याला म्हनतात एक कुटुंब."

आलेल्या पत्रांसाठी त्यांनी कप्पे केले होते. 'सोयरे', 'गिऱ्हाईक', 'जग'. आणि पुसलेली पत्रं जिथे जाऊन पडतात त्या कप्प्याला ते उकिरडा म्हणत. तो ते कधीच रिकामा करत नसत. "उकिरडा वर्साच्या आत काढत न्हाईत," असं त्यांचं मत होतं, आणि शेतीच्या दृष्टीने ते बरोबर होतं.

एके दिवशी त्यांना सॉफ्टवेअरमध्ये 'नियम' सापडले. अमुक शब्द पत्राच्या मथळ्यात किंवा मजकुरात असला, तर ते पत्र अमुक कप्प्यात आपोआप जावं, असं यंत्राला सांगून ठेवता येई. आप्पा हरखून गेले.

"आपन एकदा सांगायचं आनि त्यानं जल्मभर ऐकायचं. हाय का असं कुनी ह्या घरात?"

"न्हाई," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या.

त्या सुमारास पुण्याचे, हैदराबादचे आणि दुबईला असलेले एक, असे आप्पांचे नातेवाईक त्यांना ईमेल करू लागले होते. आधी खुशाली, मग हवापाणी, आणि तिसऱ्या ओळीत धाकट्या भावाचं नाव घालून, आता झालं गेलं विसरा, असा उपदेश. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली ती पत्रं वाचायलाच इतका वेळ लागे, की आप्पा रागवेपर्यंत जेवणाची वेळ होई. त्यांनी पहिला नियम केला तो हाच. ज्या पत्रात ते नाव येईल, ते पत्र न दिसता उकिरड्यात. नियम लिहिताना नाव टाइप करावं लागलं असणार. ते कोणी केलं, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी नोकर खोलीत गेलेला मी पाहिला होता.

मग नियमांची गोडी लागली. वर्गणीवाले दारात आले की आप्पा म्हणत, "तुमाला नियम लावलाय." ज्यांना लावला ते बोलत राहत आणि आप्पा शांतपणे पितळेचा डबा पुसत बसत. मला वाटतं, माझ्यात महिनाभरही टिकला नसता असा संयम त्या माणसाला एका सॉफ्टवेअरने दिला.

आता सुजाताचं. ती बी.एस्सी. झाली होती आणि पुण्याच्या एका संस्थेत संगणकाचा पुढचा अभ्यासक्रम करण्यासाठी तिने परीक्षा दिली होती. परीक्षा चांगली गेली होती. पुढे मुलाखत, आणि तिचं बोलावणं ईमेलने येणार होतं. गावात घरगुती ईमेल एकच, त्यामुळे अर्जात आप्पांचा पत्ता होता. इकडे तिच्या वडिलांकडे लातूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाकडच्यांना घाई होती. धाकटे भाऊ वाईट मनाचे नव्हते. त्यांनी मुलीला सरळ सांगितलं, नागपंचमीपर्यंत बोलावणं आलं तर पुण्याला जा, मी सोडायला येतो. नाही आलं तर मी लातूरला हो कळवतो. तिने हे मान्य केलं, कारण बोलावणं येणार याबद्दल तिला शंका नव्हती.

रोज संध्याकाळी ती येऊन आप्पांच्या खुर्चीमागे उभी राही.

"आलं का आप्पा?"

"न्हाई आलं. ही लोकं पत्र मुरवत असतील."

आप्पांनाही ते यावं असं फार वाटत होतं. एरवी एकदाच फोन लावणारे आप्पा त्या दिवसांत सकाळीसुद्धा लावू लागले. भांड्यांचा वाद त्यांनी न वाचता तुंबू दिला. पायरीवरच्या लोकांनी बाईंची चौकशी केली, तर "बाईला काय धाड भरलीय?" असं तोडून टाकलं. लातूरचा मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि म्हणूनच ते स्थळ टाळायला दुसरं कारण नव्हतं.

नागपंचमी परवावर आली होती. काकू उंबऱ्याशी बसून लाह्या निवडत होत्या, मी भाडं द्यायच्या निमित्ताने चहाला थांबलो होतो. सुजाता आली ती आज खुर्चीमागे गेली नाही. दारातच उभी राहिली.

"अंबाजोगाईच्या माझ्या मैत्रिणीला बोलावणं आलंय. आठवडा झाला म्हणते."

आप्पांनी मोडेमची वायर चाचपून पाहिली.

"माझा नंबर तिच्या वर होता, आप्पा."

"मग कावून न्हाई आलं?" काकूंनी विचारलं.

सुजाता पडद्याकडे पाहत होती. "आप्पा, तुमी तो नियम लावलाय ना. दादांचं नाव आलं की फेकायचं."

"तो सोयऱ्यांसाठी हाय. पुन्याच्या संस्थेला तुझ्या बापाशी काय करायचंय?"

"अर्जात मी पूर्ण नाव लिहिलंय. आडनाव, मग माझं, मग वडिलांचं. सगळेच लिहितेत. माझ्या नावात शेवटी कोण हाय?"

लाह्या निवडणारा हात थांबला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू काही इतिहासात याला आधार असू शकेल. मग त्यांनी उकिरडा उघडला.

उपदेशाची पत्रं एकाखाली एक पडली होती. आम्हाला वाटलं होतं त्याहून बरीच जास्त. दुबईवाल्याने तर सणावाराला न चुकता लिहिलं होतं. त्यांच्यामध्ये एका पत्राच्या मथळ्यात सुजाताचं पूर्ण नाव होतं. मुलाखत पुढच्या सोमवारी होती. येणार असल्याचं उत्तर उमेदवाराच्या पूर्ण नावानिशी पाठवायचं होतं, आणि त्याची मुदत आजची होती.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "आजच?"

"आजच," मी म्हणालो.

त्यांनी उत्तराची खिडकी उघडली. एका बोटाने, भांड्यावर कोरावं तसं दाबून दाबून, आडनाव लिहिलं. सुजाताचं नाव लिहिलं. मग खुर्ची सरकवली आणि मला म्हणाले, "सर, तेवढं एक तुमी टाका."

मी पुढे झालो. सुजाताने की-बोर्ड उचलून स्वतःच्या पोटाशी धरला.

"सरांनी न्हाई टाकायचं."

"मग तू टाक की. तुझाच बाप हाय."

"मीबी न्हाई. फेकलं तुमी, तुमीच टाका."

"पोरी, मुदत जाईल."

"जाऊ द्या. लातूर लई लांब न्हाई."

काकूंनी एवढ्या वेळात मान वर केली नव्हती. आता केली आणि आप्पांकडे नुसतं बघितलं. बाहेर रस्त्यावर मांजरसुंब्याकडे जाणारी गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी गेली. आप्पांनी हात पुढे केला. सुजाताने की-बोर्ड दिला.

ते नाव लिहायला त्यांना वेळ लागला. पण लिहून झाल्यावर ते पडद्यावर थोडे मागे झुकून पाहत राहिले, कोरलेलं भांडं हातभर अंतरावर धरून बघावं तसे. मग परत पुढे झाले आणि नावाच्या आधी 'श्री' घातलं.

"आप्पा, श्री काढा. अर्जात न्हाई."

"असू दे की."

"काढा आप्पा."

त्यांनी काढलं. बीडचा नंबर त्या संध्याकाळी लवकर लागला नाही, पण लागला. फोन तोडल्यावर सुजाता परसातून पळत पलीकडे गेली. भिंतीपलीकडून काही ऐकू येतं का म्हणून आम्ही तिघं न बोलता बसलो होतो. भांडं पडल्याचा आवाज आला, आणि तिच्या आईचं हसणं.

सोमवारी धाकटे भाऊ मुलीला घेऊन पुण्याला गेले. तिला प्रवेश मिळाला. लातूरकरांना नकार कळवला गेला, आणि त्यांनी तो समजुतीने घेतला असं ऐकलं.

नियम आता काढून टाका, असं मी आप्पांना सुचवलं. ते तयार होईनात.

"त्याला एकदा सांगितलंय, ते ऐकतंय. त्याचा काय दोष? मी उकिरडा आधी वाचत जातो."

आणि ते तसं करू लागले. हातपाय धुवून, भस्म लावून, आधी उकिरडा, मग सोयरे, मग जग. नातेवाइकांचे उपदेश ते आता न चुकता वाचत, मुरवत आणि त्यांना उत्तर देत नसत.

सुजाता गेल्यावर महिनाभराने त्या उकिरड्यात तिचं पहिलं पत्र पडलं. मथळ्यात वडिलांचं नाव होतं, पुढे 'यांस'. आप्पांनी मला माडीवरून हाक मारली. ते पत्र उघडायला तयार नव्हते. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, असं त्यांचं म्हणणं. थोडा वेळ येरझारा घालून ते परसात गेले आणि भिंतीवरून, कुणाकडेच न पाहता म्हणाले,

"पुन्याचं पत्र आलंय. ज्याचं हाय त्यानं येऊन बसावं."

धाकटे भाऊ धुतलेला सदरा घालून, बायकोला घेऊन, परसातून न येता रस्त्याने पुढच्या दाराने आले. काकूंनी सतरंजी अंथरली. शेजारची दोन-तीन माणसं काही काम नसताना दुकानाच्या पायरीवर जमली. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता बसले. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे अशा प्रसंगांवर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी मीही हात बांधून उभा होतो. आप्पांनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि उभं राहून पत्र वाचायला सुरुवात केली.

त्यात असं होतं, की मेसची भाजी गोड असते, आमटीतही गूळ घालतात, तरी शेंगदाण्याची चटणी पाठवावी. बाकी ठीक.

आप्पांनी आणखी खाली काही आहे का ते पाहिलं. नव्हतं.

"एवढंच हाय," ते म्हणाले.

धाकट्या भावांनी सतरंजीकडेच बघत विचारलं, "तिखट किती म्हनतीय?"

"लिव्हलं न्हाई."

त्या आठवड्यात चटणी दोन्ही घरांतून गेली. एकाच एसटीने, दोन वेगळ्या पार्सलांत.